कढईभोवती सात जणी

जीभ सर्वांनाच मिळते. पण दुसऱ्याचे बोलणे आपल्या जिभेवर उचलून घ्यावे, वाटेत त्याचा कणही सांडू नये, आणि पोचवताना ते आधीपेक्षा तेजस्वी व्हावे, हे भाग्य देव फार थोड्यांना देतो. आमच्या आसुबोनी गावात ते बिरागोमावशीला दिले आहे. वय एकसष्ट. उंची बेताची. हातांना धुरी दिलेल्या माशांचा वास, आणि गळ्यात असा आवाज, की चर्चमध्ये ती गायला उभी राहिली तर मागच्या बाकावरची पेंगणारी म्हातारी माणसेसुद्धा ताठ बसतात.

आठवड्यातले पाच दिवस ती बाजारात मासे विकते. दरबाराच्या दिवशी मात्र ती हात लिंबाने घासते, उंची वस्त्र नेसते, सोन्याचा मुलामा दिलेली काठी उचलते आणि गावच्या राणीआईंच्या उजव्या हाताला उभी राहते. त्या क्षणापासून ती मासेवाली नव्हे. ती ओच्यामे. राणीआईंची वाणी.

आमच्याकडे राणीआईंशी कोणी थेट बोलत नाही, आणि राणीआईही सभेशी थेट बोलत नाहीत. माणसाने आपले गाऱ्हाणे ओच्यामेला सांगायचे. ओच्यामेने ते राणीआईंच्या कानी घालायचे. राणीआईंनी हलक्या आवाजात उत्तर द्यायचे. ओच्यामेने ते सभेला ऐकवायचे. आणि नुसते ऐकवायचे नाही, सजवायचे. क्वाबेना नावाचे एक म्हातारेबुवा वर्षातून दोनदा तरी येऊन म्हणतात, "शेजाऱ्याच्या चार बकऱ्या माझा कसावा खातात." त्यावर बिरागोमावशी काठी उंचावते. "राणीआई, ज्या मातीत या माणसाच्या आजीचा घाम मुरला, त्या मातीतला कंद आज चार बकऱ्यांच्या दाढेखाली हंबरडा फोडतो आहे!" क्वाबेना हे ऐकतात आणि स्वतःच डोळे पुसतात. आपले दुःख एवढे थोर आहे, हे त्यांनाही तेव्हाच कळते.

ही विद्या तिला तिच्या आत्याने दिली, आणि देताना दोन गोष्टी बजावल्या. पहिली, शब्द हवे तितके सजवावेत. पण बकऱ्या चार असतील तर चारच सांगाव्यात. दुसरी, ओच्यामे ज्याच्या वतीने बोलली, त्याचेच ते बोलणे झाले. एकदा सभेने ऐकले की ते मागे घेता येत नाही. चाळीस वर्षे या दोन गोष्टी तिने प्राणासारख्या जपल्या. आणि मग एका शुक्रवारी सकाळी सारपोमा तिच्या माशांच्या टोपलीपुढे येऊन उभी राहिली.

सारपोमा राजधानीची, आक्र्याची. वय तिशीच्या आतले, चाल वाऱ्याची. ज्या मुली स्वतःच्या हिमतीवर काही धंदा करतात त्यांना व्यासपीठावर आणावे, त्यांच्या डोक्यावर मुकुट ठेवावा, म्हणजे लोक त्यांच्याकडे पाहता पाहता त्यांच्या धंद्याकडेही पाहतील, या श्रद्धेने ती गावोगाव 'उद्योगसुंदरी' नावाची स्पर्धा भरवत होती. श्रद्धा निर्मळ होती. फक्त वार तिने शनिवार निवडला होता.

"मावशी, आता तुम्हीच वाचवा," ती म्हणाली. "कुमासीच्या रेडिओवरचा निवेदक येणार होता. आता म्हणतो, काकांचा अंत्यविधी आहे."

"शनिवारी काकांचा अंत्यविधी नसेल तर कधी असेल?" मावशी मासे उलटत म्हणाली. "तुला शनिवार कुणी सांगितला?"

"सुट्टी असते ना, म्हणून..."

"सुट्टी कसली, पोरी! शनिवारी अर्धा गाव कुणाला तरी पोचवायला गेलेला असतो."

"म्हणजे कुणी येणारच नाही?" सारपोमाचा चेहरा उतरला.

"येतील की. तिकडचं जेवण झालं की येतील. लाल-काळ्या कपड्यात येतील, एवढंच. पण मी येऊन काय करू? चालून दाखवू?"

शेजारची कांदेवाली खदखदून हसली. "चाल ना, बिरागो! पहिला नंबर तुझाच. गावातली सगळी मांजरं मागनं येतील!"

"तू गप्प बस. तुझ्या मागनं माणसं जातात ती रडतच जातात," मावशीने कांद्यांच्या ढिगाकडे बोट दाखवले. मग सारपोमाकडे वळून म्हणाली, "हं, बोल. काय करायचं?"

"फक्त निवेदन. मुलगी आली की नाव सांगायचं. परीक्षकांचा प्रश्न मुलीला सांगायचा, मुलीचं उत्तर सगळ्यांना ऐकवायचं. तुमच्या राणीआई मुख्य परीक्षक आहेत."

"म्हणजे मी दरबारात करते तेच?"

"तेच मावशी! अगदी तेच!"

सज्जनहो, या एका 'तेच'मध्ये पुढचा सारा घोळ बी होऊन पडला होता. सारपोमाने दरबार कधी पाहिला नव्हता आणि मावशीने सौंदर्यस्पर्धा.

मग सारपोमाने गुणांचा कागद दाखवला. चालीला दहा, हास्याला दहा, उत्तराला वीस. मावशीने तो दोनदा वाचला.

"हसण्याला दहा? का? मुलगी हसली नाही तर तिचा साबण फेस धरत नाही का?"

"तसं नाही मावशी. आत्मविश्वास दिसतो त्यात."

"आणि धंद्याला किती?"

"तो उत्तरात आला."

"बरं," मावशी म्हणाली. तिला काहीही कळले नव्हते. पण मुलगी लांबून आली होती, आणि लांबून आलेल्याला नाही म्हणायची तिला सवय नव्हती.

साबणाचा दाखला तिच्या तोंडी उगाच आला नव्हता. बाजारात तिच्या डाव्या हाताला तिवा बसते. बावीस वर्षांची, सडसडीत, अबोल. कोकोच्या शेंगांच्या साली वाळवून जाळायच्या, राख पाण्यात कालवून गाळायची, त्या पाण्यात पामच्या बियांचे तेल घालून चुलीवर चढवायचे, आणि मग ढवळत राहायचे, ढवळत राहायचे, हात खांद्यातून गळून पडेपर्यंत ढवळत राहायचे. तेव्हा कुठे काळा साबण वर येतो. तिवा आणि तिच्या दोन चुलत बहिणी, अशा तिघी मिळून हे करतात. साबण असा, की एकदा नेणारा दुसऱ्यांदा येतोच. गेल्या महिन्यात कुमासीच्या एका दुकानाने तिला विचारले होते: दर महिन्याला दोनशे वड्या देशील का? पहिली खेप महिनाअखेरीला. तिघींच्या सहा हातांनी पंच्याऐंशी वड्या होत. आणखी बायका बोलवाव्यात, तर त्यासाठी कोणाच्या तरी दारात जाऊन तोंड उघडावे लागते. आणि तिवाचे तोंड उघडत नसे. म्हणून तिने या स्पर्धेत नाव दिले होते. जी जिंकेल तिला तिच्या धंद्याला लागणारे यंत्र मिळणार होते. तिवाला ढवळणारे यंत्र हवे होते. मुकुटाचे तिला काही नव्हते.

शनिवारी सकाळी ती मावशीपुढे येऊन उभी राहिली. "मावशी, मी नाही येत. सगळ्यांसमोर माझी जीभ टाळूला चिकटते."

"चिकटू दे," मावशी म्हणाली. "माझी आहे ना!"

हे प्रेमाने म्हटलेले वाक्य होते. पुढे मावशीला ते फार आठवले.

दुपारी तीन वाजता शाळेच्या पटांगणात मांडवाखाली गाव जमला. मावशीने भाकीत केले होते तसेच झाले. निम्मे लोक अंत्यविधीहून थेट आलेले, लाल-काळ्या वस्त्रांत, पोटे भरलेली, डोळे अजून ओले. समोर राणीआई बसल्या होत्या. त्यांच्या एका बाजूला कुमासीच्या बँकेचे एक साहेब, दुसऱ्या बाजूला एक निवृत्त शिक्षिका. मावशीने काठी उचलली आणि दाराबाहेरून आत येण्याची परवानगी मागावी तशी हाक दिली, "आगो!"

"आमे!" गावाने एका आवाजात तिला आत घेतले.

पाच मुली होत्या. सारपोमाने त्यांना उंच टाचांच्या चपला घालून चालायला आठवडाभर शिकवले होते. पहिली मुलगी आली. राणीआईंपुढे पोचली. थबकली, आणि चपला काढून हातात घेतल्या. राणीआईंपुढे पायात काही घालून कोण उभे राहील? तिचे पाहून बाकीच्या चौघी मांडवाच्या दाराशीच चपला सोडून आल्या. बँकेचे साहेब कागदाकडे पाहत राहिले.

"चालीला गुण कसे द्यायचे?" त्यांनी शिक्षिकाबाईंना विचारले. "या तर नुसत्या चालतायत."

"मग नुसत्या चालण्याला द्या," बाई म्हणाल्या.

प्रश्नोत्तरे सुरू झाली. दुसऱ्या क्रमांकावर जेमिमा आली. कापडाच्या दुकानवाल्या कोनादूबाईंची ही मुलगी. जशी आई तशी लेक, बोलायला घाबरत नाही. तिने मान उंच करून सांगितले, "आपल्याकडे कच्ची केळी ढिगानं सडतात. मी ती वाळवून पीठ करते. गेल्या वर्षी चार शाळांना दिलं, यंदा अकरा शाळांनी मागितलंय. मला दळायचं यंत्र हवंय."

भरल्या घागरीत आणखी पाणी कुठे ओतायचे? मावशीने ते जसेच्या तसे राणीआईंना ऐकवले. टाळ्या पडल्या, बेताच्या.

शेवटी तिवा आली. अनवाणी, दोन्ही हात पोटाशी घट्ट. बँकेच्या साहेबांनी विचारले, "काय करता?"

"साबण," तिवा म्हणाली.

साहेबांनीच पुन्हा विचारले, "एकट्याच करता?"

"नाही. बायका येतात. मिळून ढवळतो."

एवढेच. मावशीने त्या मुलीकडे पाहिले. ते कोरडे पडलेले ओठ पाहिले, राखेने चिरलेली बोटे पाहिली, आणि तिच्या अंतःकरणातून काहीतरी उचंबळून आले. वाणी जेव्हा अशी उचंबळते तेव्हा बोलणारा तिच्यापुढे नसतो. तिच्यामागे फरफटत असतो.

"राणीआई!" काठी वर गेली. "ही मुलगी म्हणते आहे, ज्या सालीला तुम्ही-आम्ही कचरा म्हणून लाथाडले, त्या सालीला मी अग्नी दिला आणि अग्नीकडून राख मागून घेतली! ती राख मी पाण्याला दिली, ते पाणी मी तेलाला दिले. आणि त्या तिघांचे पटेना तेव्हा मी माझे खांदे दिले! राणीआई, एक नव्हे, दोन नव्हे, सात जणी त्या कढईभोवती उभ्या राहतात! सात घरांच्या चुली त्या एका चुलीवर पेटतात! आणि आज सकाळी ज्यांनी आपले माणूस मातीला दिले, त्यांनी जेवणाआधी हात धुतले ते माझ्या साबणाने धुतले!"

मांडव उसळला. अंत्यविधीहून आलेल्या बायका उभ्या राहिल्या आणि पांढरे रुमाल हवेत फिरवू लागल्या. शिक्षिकाबाईंनी डोळे टिपले. साहेबांनी वीसपैकी वीस लिहिले. एकटी तिवा तेवढी मान वळवून मावशीकडे पाहत होती. तिच्या नजरेत राग नव्हता, आनंदही नव्हता. कोणा भलत्याच मुलीचे कौतुक आपल्याला ऐकवले जात आहे, असा तो चेहरा होता.

आणि तेव्हा मावशीच्या कानात तिचेच वाक्य परत आले. सात. आपण सात म्हणालो.

"आगो!" मांडवातून दुसरा आवाज उठला. कोनादूबाई उभ्या होत्या.

"आमे," गाव म्हणाला, जरा बिचकत.

"मला एक कळत नाही," कोनादूबाई म्हणाल्या. "आज स्पर्धा मुलींची आहे का बिरागोची? ती पोर चार शब्द बोलली आणि हिनं त्याचे चारशे केले!"

"ओच्यामेचं बोलणं म्हणजे त्या मुलीचंच बोलणं," मागून एक आजोबा म्हणाले. "असंच असतं."

"असंच असतं ना? मग माझ्या मुलीचं बोलणं असं कोरडं का पोचवलं? तिच्या पिठात हिला तेलाचा थेंब घालवला नाही?"

मावशी गोंधळली. "अगं, ती इतकं नेटकं बोलली, की मला..."

"म्हणजे नेटकं बोलली ही तिची चूक!"

बँकेच्या साहेबांनी हात वर केला. "माफ करा, पण मी गुण नक्की कुणाला दिले? मुलीला का मावशींना?"

"दोघींना मिळून," आजोबा म्हणाले.

"कागदावर तसा रकाना नाही."

"आणि त्या सात जणी कोणत्या?" कोनादूबाईंचा आवाज आणखी चढला. "मी तिच्या अंगणावरनं रोज जाते. मला तिघीच दिसतात. का उरलेल्या चौघी फक्त बिरागोलाच दिसतात?"

सारपोमा हातातला कागद उलटसुलट करत होती, जणू उत्तर मागच्या बाजूला छापलेले असावे. तेव्हा राणीआईंनी बोट हलवले. मावशी वाकली. राणीआई तिच्या कानात हळूच बोलल्या, "मुलींना पुन्हा बोलू दे. त्यांच्याच तोंडानं, थेट माझ्याशी. तू इथं माझ्यापाशी बस."

तीन साधी वाक्ये. पण ती सभेला सांगायची कोणी? ओच्यामेनेच. मावशी ताठ झाली. चाळीस वर्षांत तिने इतरांचे दोष राणीआईंच्या शब्दांत सांगितले होते. आज दोष तिचा होता आणि शब्द राणीआईंचे होते. तिने काठी उचलली. आवाज फुटला, आणि फुटला तो सवयीच्याच वाटेने वाहू लागला.

"आसुबोनीच्या लेकरांनो, राणीआई म्हणतात, मुलींच्या तोंडावरचा पडदा मी आज माझ्या हाताने दूर करते. त्या थेट माझ्याशी बोलोत! आणि ज्या ओच्यामेच्या जिभेने तिघींच्या सात केल्या, तिची काठी, त्या सात जणी खऱ्या होईपर्यंत, माझ्या पायाशी पडून राहील!"

राणीआईंच्या भुवया किंचित वर गेल्या. पण सभेने ऐकले होते. मागे घेण्याची सोय उरली नव्हती. मावशीने काठी राणीआईंच्या पायाशी ठेवली आणि खाली बसली. हे शेवटचे राणीआई म्हणाल्या होत्या, की आपल्या जिभेने आपणहून जोडले? कानात काय पडले आणि तोंडातून काय गेले, यांच्यामधली सीमा तिने कितीदा आठवून पाहिली, ती सापडेना.

मुली पुन्हा बोलल्या. जेमिमाने तेच सांगितले आणि या वेळी ते सर्वांना ऐकू गेले. तिवा आली. राणीआईंकडे थेट पाहावे की पाहू नये हे तिला कळेना, म्हणून तिने त्यांच्या पायाशी पडलेल्या काठीकडे पाहिले.

"आम्ही तिघी आहोत," ती म्हणाली. "सात नाही. हात पुरत नाहीत म्हणून यंत्र हवं होतं." आणि जरा थांबून, "मावशींवर रागावू नका."

मुकुट जेमिमाला मिळाला, यंत्रही तिलाच. तो मुकुट तिच्या उंच बांधलेल्या केसांवर बसेना. सारपोमाने तो चार पिनांनी कसाबसा टोचला. तिवाला तिसऱ्या क्रमांकाची छत्री मिळाली.

सोमवारी मावशी बाजारात बसली ती हरवल्यासारखी. गिऱ्हाइकाला मासे दिले, पिशवी द्यायला विसरली. शेवटी तिने कांदेवालीला विचारले, "तूच सांग. राणीआई तसं म्हणाल्या का?"

"म्हणजे काय? तूच तर सांगितलंस!"

"मी सांगितलं गं. पण त्या म्हणाल्या का?"

"तू सांगितलंस म्हणजे त्या म्हणाल्या."

"पण मी सांगितलं ते त्या म्हणाल्या म्हणून, का..."

"बिरागो," कांदेवाली म्हणाली, "तू आज उन्हात बसू नकोस."

डावीकडे तिवा नव्हती. तिची जागा रिकामी होती. मावशीचा जीव उडाला. तिने टोपली झाकली आणि तिवाच्या अंगणाकडे गेली.

अंगणात तीन बायका पायरीवर बसल्या होत्या. शनिवारच्या लाल-काळ्या वस्त्रांपैकी होत्या. एकीने परवाच नवऱ्याला माती दिली होती. तिवा कढईपाशी उभी, हातात ढवळायचे वल्हे, चेहऱ्यावर संकट.

"मावशी, या म्हणतात, आमची जागा कुठली?"

"कसली जागा?"

"राणीआईंचा शब्द आहे ना!" ती विधवा बाई म्हणाली. "सात जणी पाहिजेत, तोवर ओच्यामेची काठी परत नाही. तुम्ही तिघी आहात. म्हणजे चार जागा रिकाम्या. मी माझ्या कानानं ऐकलंय."

"पण माझ्याकडे द्यायला काही नाही," तिवा पुटपुटली. "साबण विकला गेला तरच..."

"मग विकल्यावर वाटू. आता वल्हं दे. असं उभं राहून काय साबण होणार आहे?"

दिवसभर कढई उकळत राहिली. मावशी एका कोपऱ्यात बसून मोजत होती. तीन आणि तीन सहा. मंगळवारी मोजले, सहा. बुधवारी मोजले, सहाच. बाजारात हाळी घालावी, तर हाळी म्हणजे पुन्हा आपली जीभ. आणि त्या जिभेवर आता तिचा स्वतःचाच विश्वास राहिला नव्हता. चर्चमध्ये जाऊन तिने देवाला विचारले, "देवा, मी खोटं बोलले का? का खरं बोलले, फक्त वेळेआधी? आणि बोलले ती मीच का?" देव काही बोलला नाही. त्याला ओच्यामे लागत नाही, तरीही बोलला नाही.

गुरुवारी दुपारी माशांच्या टोपलीपुढे कोणी येऊन उभे राहिले. मान वर केली तर तिवा. ओठ कोरडे, हात पोटाशी. कांदेवालीने तोंड उघडले, तशी मावशीने तिला हाताने थांबवले.

"मावशी," तिवा म्हणाली. "सहा जणींनी एकशे सत्तर होतात. दोनशे होत नाहीत. सातवी... तुम्ही याल?"

मावशीच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. "मीच सात म्हटलं आणि मीच सातवी झाले, तर ते खरं धरायचं का गं?"

तिवाने विचार केला. "मला ते माहीत नाही. मला तीस वड्या कमी पडतायत."

मावशीने टोपली कांदेवालीच्या स्वाधीन केली. संध्याकाळपर्यंत ढवळून तिचे खांदे पेटले. आणि गंमत अशी, की ढवळता ढवळता ती एक शब्दही बोलली नाही. बाकीच्या सहा जणींनाच तिच्या गप्प राहण्याची काळजी वाटू लागली.

महिनाअखेरीला दोनशे वड्या कुमासीला गेल्या. दुसऱ्या दिवशी राणीआईंचे बोलावणे आले. त्यांच्या खोलीत दोघीच होत्या. काठी भिंतीला टेकवून ठेवली होती, पुसून, लखलखीत.

"घे," राणीआई म्हणाल्या.

मावशीने हात पुढे केला नाही. "आधी एक सांगा, आई. त्या दिवशी ते शेवटचं तुम्ही म्हणाला होता का?"

"मी तुला माझ्यापाशी बसायला सांगितलं. तू दमलेली दिसत होतीस."

मावशीने कपाळावर हात मारला. "मग तिथंच का नाही अडवलंत?"

"कशी अडवू? तू बोललीस, गावानं ऐकलं, म्हणजे मीच बोलले. महिनाभर काठी पायाशी ठेवून बसावं लागलं मला. ठेचसुद्धा लागली एकदा." राणीआई पुढे झुकल्या. "आता तू सांग. सातच का? पाच का नाही?"

मावशीने काठीकडे पाहिले. "आई, तीन म्हटलं असतं तर वाक्य लंगडलं असतं," ती म्हणाली. "पाचही चाललं असतं म्हणा. पण सात आलं."

राणीआई इतक्या मोठ्याने हसल्या, की बाहेरची माणसे दाराशी धावली.

पुढच्या दरबाराला बिरागोमावशी पुन्हा उजव्या हाताला उभी राहिली. हातांना आता निम्मा माशांचा आणि निम्मा साबणाचा वास येत होता. पहिलेच गाऱ्हाणे क्वाबेनांचे. "शेजाऱ्याच्या बकऱ्या माझा कसावा खातात."

"किती बकऱ्या?" मावशीने विचारले.

"चार. तुला ठाऊक आहे की!"

"नक्की चार?"

क्वाबेना गडबडले. "चारच होत्या. पण परवा त्यानं एक विकली असं ऐकतो. का दुसऱ्याचीच विकली, कोण जाणे."

सभा वाट पाहत होती. आजीचा घाम, मातीतला कंद, दाढेखालचा हंबरडा, सारे मावशीच्या जिभेवर येऊन उभे राहिले. तिने काठी उंचावली, श्वास घेतला, आणि तो अर्ध्यावर थांबला.

"राणीआई," ती म्हणाली, "ज्या मातीत या माणसाच्या आजीचा घाम मुरला, त्या मातीतला कंद आज तीन किंवा चार बकऱ्या खात आहेत."

क्वाबेनांनी डोळे पुसायला रुमाल काढला होता. तो हातात धरून ते तसेच उभे राहिले. रडावे की नाही, हे त्यांना कळेना.